मेलेल्या किड्यांच्या चिठ्ठ्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदाही तोच प्रश्न आला. विचारणाऱ्या काकू नुकत्याच नाशिकहून लेकीकडे, इथे इलिनॉयला आल्या होत्या. "म्युझियममध्ये मेलेल्या किड्यांच्या चिठ्ठ्या टाइप करता म्हणे. त्यातून कुणाला काय मिळतं हो?" तेवढ्यात वाण घ्यायला बोलावणं आलं आणि उत्तर राहून गेलं. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

शॅम्पेनच्या इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेच्या कीटकसंग्रहात मी स्वयंसेवक म्हणून जाते. माझ्या वाट्याला हिवाळी स्टोनफ्लाय आल्यात. करंगळीएवढी काचेची कुपी, आत अल्कोहोल, त्यात जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे काळे किडे आणि त्यांच्याबरोबरच बुडालेली नखाएवढी चिठ्ठी. कुपी हळूच फिरवली की अक्षरं काचेशी येतात: गाव, ओढा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे. दोनपैकी एक रेघ पुसट झाली, तर फेब्रुवारीचा जानेवारी होतो.

हा किडा उन्हाळाभर ओढ्याच्या तळाशी, वाळूखाली निपचित असतो. पाणी गार झालं की जागा होतो, कुजका पाला खाऊन वाढतो आणि ऐन थंडीत बाहेर येऊन बर्फावरून चालत सुटतो. नर पोट आपटून ठोके देतो, मादी ठोक्यांनीच उत्तर देते. कीटकशास्त्रज्ञ थिओडोर फ्रिसन यांनी 1929 मध्ये इलिनॉयच्या या थंडीतल्या जातींवर लिहिलं, 1935 मध्ये राज्यातल्या सगळ्याच स्टोनफ्लायवर. त्यासाठी गोठलेल्या ओढ्यांवर जाऊन किडे वेचणाऱ्यांचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या म्हणूनच पुढचा हिशेब लागला. 2005 मध्ये एडवर्ड डीवॉल्ट आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी नव्या पाहणीशी ताडून पाहिल्या. राज्यातल्या 77 जातींपैकी 22 नाहीशा झाल्या होत्या, दोन तर जगातूनच. चिठ्ठ्या नसत्या तर त्या इथे होत्या हेच कुणाला कळलं नसतं. हिवाळी जाती त्या मानाने टिकल्या. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटतो तेव्हा त्या वाळूखाली झोपलेल्या असतात, हे त्यांच्या पथ्यावर पडलं असावं.

माझा हात अडतो तो 'सॉल्ट क्रीक' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीपाशी. या नावाचे ओढे राज्यात एकाहून जास्त आहेत. मग मी त्याच तारखेच्या बाकीच्या कुप्या काढते. तो माणूस सकाळी कुठे होता, दुपारी कुठे, जुन्या नकाशावर रस्ता कुठून जात होता, हे बघते. तरीही ठरलं नाही, तर नकाशावर मोठं वर्तुळ काढते, टिंब देत नाही. चुकीच्या ओढ्यावर टिंब पडलं, तर उद्या कुणी तिथे जाईल, त्याला काही सापडणार नाही, आणि जो किडा तिथे कधी नव्हताच तो तिथून संपला अशी नोंद होईल. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी जबाबदारी ही.

हळदीकुंकवानंतर, फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी मी सॉल्ट फोर्क नदीवरच्या एका पुलावर गेले होते. काठावर घोट्याएवढा बर्फ होता. कठड्याच्या उन्हाच्या बाजूला एक काळा ठिपका चालताना दिसला, मग आणखी चार. हातमोजा काढून चिमट्याने अलगद उचलले, कुपीत घातले आणि तिथेच, बोटं बधिर व्हायच्या आत चिठ्ठी लिहिली. नदी, पूल, तारीख, माझं नाव. महिन्याच्या दोन्ही रेघा दोनदा गिरवल्या.