शोषचर खोदण्याआधी माती तपासा

सेप्टिक टँक फक्त गाळ अडवते. तिथून पाणी शोषचरात जातं, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या चरात. सांडपाण्याची खरी सफाई होते ती मातीत, म्हणून टाकीच्या मापाआधी जमीन बघा.

दीड-दोन मीटर खोल खड्डा घेऊन कडेचे थर नीट न्याहाळा. तांबूस मातीत राखाडी डाग दिसले, तर वर्षातले काही महिने तिथे पाणी साचतं, खड्डा आज कोरडा असला तरी. शोषचराच्या तळाखाली किमान १ मीटर कोरडी माती हवी. खडक किंवा पाणी त्याआधी लागलं तर जागा बदला.

मग मुरण्याची चाचणी. शोषचर जेवढा खोल असेल तेवढ्याच खोलीवर १५ ते ३० सेंटीमीटर रुंद खड्डा काढा. फावड्याने कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि छिद्रं बुजतात, म्हणून त्या खरवडा. तळाशी ५ सेंटीमीटर खडी टाका. पाणी भरून रात्रभर भिजू द्या. ही पायरी गाळू नका: कोरडी चिकणमाती आधी घटाघटा पाणी पिते, फुगल्यावर अडते, आणि निकाल फसवा येतो. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासापेक्षा जास्त लागला, तर साधा शोषचर तुंबणारच. मिनिटभरातच उतरलं, तर तेही वाईट: न गाळलेलं पाणी थेट विहिरीकडे जाऊ शकतं.

एका खड्ड्यावर भरवसा ठेवू नका, निदान तीन घ्या.