सहाला सहा खोडले

भाचीने १६/६४ ला संक्षिप्त रूप दिलं होतं. वरचे सहा खोडले, खालचे सहा खोडले, राहिलं १/४. उत्तर अगदी बरोबर. मी वहीकडे बघतच राहिलो. 'चूक' म्हणावं तर उत्तर तिच्या बाजूने साक्ष द्यायला उभं, आणि 'बरोबर' म्हणावं तर उद्या ही १३/३४ मधले तीन खोडून तिथेही १/४ च काढणार. मग अडचणीत सापडलेली मोठी माणसं जे करतात तेच मी केलं. "नंतर सांगतो" म्हणालो आणि कुणी यावर काही लिहिलंय का ते शोधायला बसलो.

गणित शिकवणाऱ्यांचं लेखन वाचायचं वेड मला असं लागलं. एकाने दुसऱ्याचा पत्ता द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, असं करत बरीच रात्र जाते. त्यात फोलपटंही भरपूर. दहा सेकंदांत वर्ग करा, बोटांवर नऊचा पाढा मोजा, गणित किती सुंदर आहे हे सांगणारी आणि एकही गणित न सोडवणारी पानंच्या पानं. मग मी माझ्यापुरती एक चाळणी केली. लिहिणारा चुकलेल्या उत्तरापाशी किती वेळ थांबतो, ते बघायचं. लाल फुली मारून पुढे गेला, तर मीही पुढे.

थांबणारा माणूस चटकन ओळखू येतो. ५२ मधून १७ वजा करून मुलाने ४५ लिहिलं, तर तो 'लक्ष नाही' म्हणत नाही. पोराने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, हे त्याला दिसतं. म्हणजे नियम आहे, तो प्रामाणिकपणे पाळलाही आहे, फक्त गणिताचा नाही, पोराचा स्वतःचा आहे.

दशांशांत तर याहून मजा. ०.२५ मोठा की ०.३? पुष्कळ मुलं ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस तीनाहून मोठे. यात आपल्या जिभेचाही हात आहे. आपणच 'पॉइंट पंचवीस' म्हणतो, मग मुलाच्या कानावर पंचवीसच पडणार. पण एखादा मुलगा ०.३ म्हणतो आणि पूर्ण गुण घेतो. त्याला कारण विचारलं तर तो सांगतो, "शतांश दशांशापेक्षा लहान असतात ना, म्हणून चिन्हापुढे जितके जास्त आकडे तितकी संख्या लहान." आता त्याला ०.३५ आणि ०.३ द्या. तो पुन्हा ०.३ च मोठा म्हणेल. पहिल्या मुलाची चूक निदान उघड्यावर होती. याची बरोबर उत्तराखाली झाकलेली, आणि वर बरोबरची खूण. (हे वाचल्यावर मी स्वतःची शाळेतली प्रगतिपुस्तकं मनातल्या मनात पुन्हा तपासली. फार सुखाचा अनुभव नव्हता.)

१/२ अधिक १/३ बरोबर २/५, ही तर जगभरची चूक असावी. वरचे वर, खालचे खाली. समच्छेद करा, ५/६ येतात, विषय संपला, असं मीही म्हटलं असतं. पण एका लेखात ताळा असा मांडला होता: दोन भाग मिळवून उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी कसं? मिळवलं की हरवलं? मुलाला एवढं विचारावं आणि गप्प बसावं. तो लेख पुढेही गेला. ही बेरीज खोटी, पण हे उत्तर निरुपयोगी नाही. पहिल्या डावात दोन चेंडूंपैकी एक नेमका लागला, दुसऱ्यात तिनांपैकी एक, तर एकूण पाचांपैकी दोनच लागले. तिथे वरचे वर, खालचे खाली हीच रीत खरी. शिवाय ० ते १ मधले, पाचपर्यंत छेद असलेले सगळे अपूर्णांक संक्षिप्त रूपात चढत्या क्रमाने मांडले, तर १/३ आणि १/२ या शेजाऱ्यांच्या मध्ये २/५ येऊन बसतो. अशा याद्यांमधला हा शेजारधर्म जॉन फॅरी नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये नोंदवला, सिद्धता गणितज्ञ कोशीने दिली. याद्यांना नाव मात्र फॅरीचंच राहिलं. आपण जिथे फुली मारतो, तिथून एवढी वाट निघते.

आणि चुकायला लहानच असावं लागतं असंही नाही. फर्मा या थोर गणितज्ञाने २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात एक मिळवला. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही संख्या मूळ निघाल्या, आणि पुढच्याही तशाच असणार असं त्याला वाटलं. १७३२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने पुढचीच संख्या, ४२९४९६७२९७, ६४१ ने भागून दाखवली. पाच उदाहरणं जुळली की नियम सापडल्यासारखं वाटतं. भाचीला तर एकच जुळलं होतं.

'नंतर'ची पाळी आठवड्याने आली. मी तिला १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ लिहून दिले. नऊ खोड, सहा खोड, पुन्हा नऊ खोड, तिन्ही वेळा उत्तर बरोबर. दोन अंकी संख्यांत, एकाहून लहान आणि शून्याची पळवाट न घेता, असे अपूर्णांक इतकेच, तिचा धरून चार. मग १३/३४ दिला. तिने तीन खोडले, चाराने गुणून पाहिलं, ५२ आले. वहीकडे बघून ओठ मुडपले. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात वाचलेलं आठवलं आणि गप्प बसलो. मला ते जमत नाही, त्या दिवशी जमलं.

थोड्या वेळाने ती वही घेऊन परत आली. "मामा, १६६/६६४ पण चालतं. १६६६/६६६४ पण."

"कशावरून?"

"चाराने गुणून बघ ना. चार सक चोवीस, चार लिहिले, हातचे दोन. पुढे चोवीस आणि दोन सव्वीस, सहा लिहिले, परत हातचे दोन. पुढे परत तेच. शेवटी चार एके चार आणि दोन, सहा." पेन्सिल ओळीवरून सरकत होती. "हे दोन संपतच नाहीत रे."