नाहाच्या दोजोतली एक सकाळ

जपानमधील ओकिनावाची राजधानी असलेल्या नाहा शहरातील मात्सुयामा उद्यानात कराटेचे गुरू हिगाओन्ना कानऱ्यो आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांचे स्मारक आहे. जवळच फुकुशूएन ही चिनी धाटणीची बाग आहे. बारा वर्षे गोजू-ऱ्यू शैलीच्या कराटेचा सराव केल्यानंतर मी तेथे पोहोचलो, तेव्हा आधी नमस्कार केला आणि मग बराच वेळ नुसता उभा राहिलो.

स्मारक आणि बाग यांची ही जवळीक मला फार अर्थपूर्ण वाटली. १८५३ मध्ये जन्मलेले हिगाओन्ना तरुणपणी समुद्र ओलांडून चीनमधील फूझौ येथे गेले, तेथील गुरूंकडून शिकले आणि परतल्यावर नाहामध्ये ती विद्या शिकवू लागले. 'कराटे' या शब्दातील 'कारा' पूर्वी 'चीन' या अर्थाच्या चिन्हाने लिहीत असत. १९३६ मध्ये नाहा येथील बैठकीत ज्येष्ठ गुरूंनी त्याऐवजी 'रिकामा' या अर्थाचे चिन्ह स्वीकारले. त्या काळाची निकड मी समजू शकतो, तरी त्या पुसलेल्या ऋणाची हळहळ वाटतेच.

मियागी (१८८८–१९५३) यांनी आपल्या गोजू-ऱ्यू शैलीचे नाव 'बुबिशी' या चिनी परंपरेतील हस्तलिखिताच्या एका ओळीवरून घेतले. 'गो' म्हणजे कठोर, 'जू' म्हणजे मृदू. आणि त्या ओळीत या दोहोंची सांगड श्वास घेण्या-सोडण्याशी, शब्दशः पाहिले तर गिळण्या-थुंकण्याशी घातलेली आहे. कठोर म्हणजे ठोसा आणि मृदू म्हणजे बचाव, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी एका छोट्या दोजोत, म्हणजे कराटेच्या सरावगृहात, दुरुस्त झाली. 'सानचिन' हा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, करताना पायांचे अंगठे किंचित आत वळवून, जमीन पकडून उभे राहायचे आणि प्रत्येक हालचाल श्वासाबरोबर करायची असते. वृद्ध सेन्सेई, म्हणजे गुरुजी, माझ्या मागे आले, त्यांनी दोन्ही तळहात माझ्या खांद्यांवर आपटले आणि मग दोन बोटे बेंबीखाली टेकवली. श्वास घेताना माझे खांदे वर उचलले जात होते. खांदे सैल सोडून श्वास पोटात उतरवल्यावर तेच पाय जमिनीत रुतल्यासारखे घट्ट झाले. सैलपणा आणि ताकद एकाच शरीरात, एकाच क्षणी होती.

नंतर 'चि-इशी' हाती आली. लाकडी दांड्याच्या टोकाला दगडी वजन असलेले हे साधन पाहून तालमीतली गदा आठवली. शेवटी 'निगिरी-गामे', म्हणजे मातीच्या घागरी, ज्यांचे काठ फक्त बोटांनी धरून चालायचे असते. सराव वाढेल तशी घागरीत वाळू भरत जातात. माझ्या घागरी रिकाम्या होत्या, आणि दोजोची तिसरी फेरी पूर्ण होताना बोटे थरथरू लागली, तेव्हा मागून सेन्सेई एवढेच म्हणाले, "श्वास."