लाइव्ह पेनड्राइव्हवर सगळं नको, आपलं तेवढं साठवा

धुळ्या-जळगावकडे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कुणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं) चालवणारे बरेच आहेत. दुसऱ्याच्या विंडोजला हात न लावता आपलं काम होतं. पण मराठी कीबोर्ड लावला, वायफायचा पासवर्ड टाकला, लिब्रेऑफिस 'आंडेर', 'बठ्ठा' असल्या अहिराणी शब्दांखाली लाल रेघ मारतं म्हणून ते एकेक करून शब्दकोशात घातले, आणि मशीन बंद केलं की सगळं गेलं. बाकीचं पाच मिनिटांत परत लावता येतं. जमवलेले शब्द मात्र पुन्हा पहिल्यापासून घालावे लागतात.

असं होतं कारण लाइव्ह डिस्कवरची मूळ सिस्टिम स्क्वॉशएफएस नावाच्या दाबून भरलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. तुम्ही केलेला प्रत्येक बदल तिच्यावर अंथरलेल्या दुसऱ्या थरात जातो आणि तो थर रॅममध्ये असतो. वीज गेली की थर गेला. तो थर, किंवा त्यातला हवा तेवढा भाग, पेनड्राइव्हच्या पार्टिशनवर (वेगळ्या पाडलेल्या भागावर) ठेवणं म्हणजे पर्सिस्टन्स. सीडी-डीव्हीडीवर हे जवळपास जमत नाही (पपी लिनक्स मल्टिसेशन डीव्हीडीवर करतं, पण फार हळू), म्हणून पेनड्राइव्हच घ्या. १६ जीबीचा पुरतो.

बहुतेक ठिकाणी अख्खी सिस्टिम साठवायला सांगतात. आमचं मत उलटं आहे. सगळं साठवलं की मोह होऊन अपडेट मारले जातात, पार्टिशन भरतं, आणि भरल्यावर डेस्कटॉपवर लॉगिनच होत नाही. शिवाय नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) पॅकेज म्हणून बसतो, पण बूट होतो तो इमेजमधला, म्हणजे डाउनलोड केलेल्या मूळ फाइलमधला, जुनाच. सेटिंग तेवढ्या साठवल्या तर बिघाड झाला तरी मूळ सिस्टिम कोरी राहते. यासाठी डेबियन या लिनक्सची लाइव्ह आवृत्ती सगळ्यात सोयीची, कारण काय साठवायचं ते तिथे ओळीओळीने सांगता येतं.

एक सूचना आधीच: खालचे आदेश आणि पाथ देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा. फक्त नेटवर्कमॅनेजरमधले एन आणि एम, आणि एशिया/कोलकातामधले ए आणि के मोठे. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो.

इमेज डीडीने (फाइल जशीच्या तशी उतरवणारा आदेश) पेनड्राइव्हवर उतरवली की पुढे रिकामी जागा उरते. त्या जागेत एफडिस्कने (पार्टिशन पाडणारा आदेश) तिसरं पार्टिशन करा. एफडिस्क चालवताना '--वाइप नेव्हर' द्या, म्हणजे इमेजची आयएसओ ९६६० ही खूण पुसली जाणार नाही. नव्या पार्टिशनचा पहिला सेक्टर पहिल्या पार्टिशनच्या शेवटानंतरचाच आहे ना, तेही बघा. मग ते ईएक्सटी४ने (लिनक्सची फाइलपद्धत) फॉरमॅट करून 'पर्सिस्टन्स' हे लेबल द्या. फॅट३२ इथे चालणार नाही, त्यात फाइलचे मालक आणि परवानग्या टिकत नाहीत. पार्टिशन माउंट करून (सिस्टिमला जोडून) त्यात 'पर्सिस्टन्स.कॉन्फ' नावाची फाइल करा आणि तीन ओळी लिहा:

/होम
/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स
/ईटीसी/कप्स

पहिल्या ओळीत कीबोर्ड, फायरफॉक्सचं प्रोफाइल, लिब्रेऑफिसचा शब्दकोश असं सगळं येतं. वायफायचे पासवर्ड मात्र होममध्ये नसतात, म्हणून दुसरी ओळ. तिसरी प्रिंटरसाठी. पहिल्या बूटला या फोल्डरांतला मूळ मजकूर आपोआप पार्टिशनवर उतरतो.

बूट मेनूत ई दाबा (जुन्या बायॉस मशीनवर टॅब), 'बूट=लाइव्ह' असलेल्या ओळीत 'पर्सिस्टन्स' हा शब्द जोडा, मग एफ१० (जुन्या मशीनवर एंटर). सगळ्यात जास्त चूक इथे होते. डेबियनचा शब्द 'पर्सिस्टन्स', शेवटी सी-ई. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा 'पर्सिस्टंट', शेवटी टी. चुकीचा शब्द टाकला तर कसलीही तक्रार न करता सिस्टिम सुरू होते, आणि काहीच साठत नाही.

डीडीने उतरवलेल्या इमेजमध्ये मेनू बदलता येत नाही, त्यामुळे हा शब्द दर वेळी टाइप करावा लागतो. कंटाळा येत असेल तर विंडोजवर रुफस हा इमेज उतरवणारा प्रोग्राम वापरा. आवृत्ती ३.७ पासून त्यात पर्सिस्टंट पार्टिशनची पट्टी आहे आणि शब्दही ते स्वतःच मेनूत घालतं. पण फाइलमध्ये ते '/ युनियन' म्हणजे 'सगळं साठव' लिहितं. पहिल्याच बूटला मेनूतून शब्द काढून आत जा आणि त्या ओळीच्या जागी वरच्या तीन ओळी टाका.

उबुंटूत इतकी निवड करता येत नाही. २०.०४ पासून पार्टिशनचं लेबल 'रायटेबल' लागतं, त्याआधी 'कॅस्पर-आरडब्ल्यू' होतं.

मराठी कीबोर्डसाठी वेगळं पॅकेज टाकू नका. ते /यूएसआरमध्ये बसतं, म्हणजे या पद्धतीत पुढच्या बूटला नाहीसं होतं. सेटिंगमधला 'मराठी, कगप, फोनेटिक' हा लेआउट सिस्टिममध्ये आधीपासून असतो, आणि तो निवडल्याची नोंद होममध्येच राहते.

वायफायची फाइल दुसरीकडून उचलून आणली आणि नेटवर्क दिसलंच नाही, तर परवानगी तपासा. मालक रूट (लिनक्सचा मुख्य यूझर) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) नसेल तर नेटवर्कमॅनेजर ती फाइल वाचतच नाही. बॅकअप घेताना टारमध्ये (अनेक फाइल एका फाइलमध्ये बांधणारा आदेश) बांधून घ्या, रूटने. मग ती टार फाइल फॅटवर ठेवली तरी आतल्या परवानग्या शाबूत राहतात.

विंडोजच्या मशीनवर घड्याळ साडेपाच तासांनी सरकतं, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स त्याला यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजतं. बूटच्या ओळीत 'टाइमझोन=एशिया/कोलकाता' आणि 'यूटीसी=नो' जोडा. दुकानदाराच्या बिलांवर चुकीची वेळ छापली गेली तर पुढच्या वेळी तो मशीनला हात लावू देणार नाही.

आता लाइटचं. आपल्याकडे उन्हाळ्यात कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएस सगळीकडे नसतो. लिहिणं चालू असताना वीज गेली तर पार्टिशन बिघडू शकतं. तसं झालं तर पर्सिस्टन्सशिवाय बूट करा, 'एलएसबीएलके -एफ'ने लेबल बघून पार्टिशन ओळखा, आणि ते माउंट नसतानाच 'ई२एफएससीके -एफ' हा तपासून दुरुस्त करणारा आदेश चालवा. पेनड्राइव्हवरचं लिहिणं मुळात कमी करायचं तर फायरफॉक्सच्या 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'ब्राउझर.कॅशे.डिस्क.एनेबल' फॉल्स करा. हळूपणाही त्याने बराच जातो.

पेनड्राइव्ह हरवला तर ज्याला सापडेल त्याला तुमचे ब्राउझरमधले पासवर्ड मिळतील. डेबियन लाइव्हचा यूझर 'यूझर' आणि पासवर्ड 'लाइव्ह' हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पार्टिशन फॉरमॅट करण्याआधी क्रिप्टसेटअप या आदेशाने लक्स (पासफ्रेजशिवाय न उघडणारं) करा, उघडा, आत ईएक्सटी४ आणि तेच लेबल द्या, आणि बूटच्या ओळीत 'पर्सिस्टन्स-एन्क्रिप्शन=लक्स' जोडा. बूट होताना पासफ्रेज विचारली जाईल. हे नंतर करायचं ठरवलं तर आधी टार काढून ठेवा, कारण लक्स करताना पार्टिशनवरचं सगळं पुसलं जातं.