आम्ही की आपण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कॅनडात सॅस्कटूनला आमच्याकडे येणारा पाहुणा माझ्या दोन क्री मैत्रिणींना (क्री हा इथला एक आदिवासी समाज, भाषेचं नावही तेच) भेटला, की निघताना हमखास विचारतो: जुळ्या बहिणी, वाढल्या एका घरात, मग एक क्री बोलते आणि दुसरी नाही, असं कसं?

लहानपणी दोघींनाही येत नव्हती. त्यांच्या आजीला निवासी शाळेत नेलं होतं. आदिवासी मुलांना घरापासून तोडून 'सुधारायच्या' त्या शाळा. आपली भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. या प्रांतात अशी एक शाळा १९९६ सालापर्यंत चालू होती. मी तेव्हा दहावीत होते. आजीने पुढे स्वतःच्या लेकीशी क्रीचा शब्द काढला नाही. पोरीला तरी मार बसू नये म्हणून.

दोघींना हाकही एकच, 'ट्विन्स'. स्वेटर सारखे, वाढदिवसाचा केकही एकच. शहरातल्या शाळेत त्या 'इंडियन', म्हणजे आदिवासी, आणि सुट्टीत रिझर्व्हवर, आदिवासींच्या राखीव वस्तीत, गेल्या की चुलत भावंडांच्या लेखी शहरी. तिशीत थोरलीने क्रीचा वर्ग लावला. धाकटी भडकली, "म्हणजे आता तू माझ्यापेक्षा जास्त क्री का?" सहा महिने अबोला. मला धाकटीचंही पटतं. ती मण्यांचं भरतकाम करते, तेही आजीच्या मांडीला मांडी लावून शिकलेलं. त्याला व्याकरण लागत नाही.

थोरलीने एकदा चहा पिता पिता कागदी रुमालावर दोन शब्द लिहिले: नियनान, कियानव. इंग्रजीत दोन्हींना 'वी'च. पहिल्यात समोरचा धरलेला नाही, दुसऱ्यात धरलाय. ती समजावत होती, मी म्हटलं, थांब, हे आमच्याकडे आहे. आम्ही आणि आपण! तिने मला ते चारदा म्हणायला लावलं. मावशीला त्यांच्यात निकावीस म्हणतात, म्हणजे जवळजवळ 'माझी छोटी आई'. ('माय मरो, मावशी जगो' मात्र मी सांगितलं नाही. तिची आई शेजारीच बसली होती.) आणि बहिणीला हाक मारायची तर थोरली-धाकटी ठरवावीच लागते. थोरली ती निमिस, धाकटी निसीमिस. यांच्यात अंतर वीस मिनिटांचं! पण जन्मभर 'ट्विन्स' ऐकलेल्या बाईला पस्तिशीत स्वतःची वेगळी हाक मिळाली. वर्ग लावल्याचं सार्थक तिथेच झालं, असं ती म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात सॅस्कटून बेरी तोडायला गेलो होतो. शहराचं नाव या फळाच्या क्री नावावरूनच पडलंय. बोटं जांभळी, डबे भरलेले. फोटोसाठी मी दोघींच्या मधे जाऊन उभी राहिले. क्री न येणाऱ्या धाकटीने एक बोट स्वतःकडे केलं, एक बहिणीकडे, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नियनान."

मी मुकाट्याने बाजूला झाले आणि फोन हातात घेतला.