वाद बोळाचा, तक्रार शब्दांची

जुन्या नाशकात सराफ बाजाराकडून गोदाकाठाला उतरणारा एक बोळ आहे. मध्येच पायऱ्या, पुढे दोन माणसं अंग चोरून जातील एवढीच जागा. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर मी तो पायवाट म्हणून आखला होता. एका मॅपरने उपग्रहचित्र बघून त्याचा गाड्यांचा रस्ता केला. मी बदलला, त्याने पुन्हा तसाच केला.

ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारखी ॲप्स याच माहितीवरून वाट काढतात. सिंहस्थात परगावची माणसं मोबाइल बघत घाटाकडे निघणार. बोळाच्या तोंडाशी एक गाडी अडकली तर मागच्या गर्दीचं काय होईल, हे नाशिककराला सांगायला नको.

त्याच्या चेंजसेटखाली, म्हणजे नकाशातल्या बदलांच्या नोंदीखाली, मी विचारलं, ‘जागेवर जाऊन पाहिलंत का?’ उत्तर बोळाबद्दल नव्हतंच, माझ्याबद्दल होतं. त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग मी बदल करणं थांबवलं. एकमेकांचे बदल पुसत बसलं की कोण बरोबर हे बाजूला पडतं आणि दोघंही सारखेच दोषी ठरतात. असे वाद ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वर्किंग ग्रुप पाहतो. तिथली माणसंही स्वयंसेवकच. त्यांना लिहिण्याआधी पुण्यात बरीच वर्षं मॅपिंग करणाऱ्या एका ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, ‘बोळाचं वेगळं लिही, शिव्यांचं वेगळं. तुझा बोळ चुकीचा निघाला तरी शिवी ही शिवीच राहते, आणि त्याने शिवी दिली म्हणून तुझा बोळ बरोबर ठरत नाही.’ मला या सगळ्यातून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. लिनक्स कर्नल या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाने २०१८ मध्ये कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट ही आचारसंहिता स्वीकारली, म्हणून तिथे चुकीचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, नाकारणं थांबलेलं नाही. पॅच नाकारता येतो, माणसाला हिणवता येत नाही.

ग्रुपला पाठवलेल्या ईमेलच्या पहिल्या भागात फोटो, पायऱ्या कुठे सुरू होतात ते, आणि सर्वांत अरुंद जागी टेप लावून घेतलेलं माप. दुसऱ्या भागात चेंजसेटचे क्रमांक आणि त्या मॅपरचे शब्द, जसेच्या तसे. तो असं का वागला असेल याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

उत्तर यायला वेळ लागला. पायऱ्या पायऱ्या म्हणूनच नोंदवायच्या, हे त्यांनी मान्य केलं. वाहनांना मनाईची नोंद मात्र नाकारली, कारण ती नोंद कायद्याने असलेल्या मनाईसाठी असते आणि तिथे तसा फलक नाही. त्याऐवजी रुंदी लिहा, असं सांगितलं. हे मला लगेच पटलं नाही, पण म्हणणं योग्य होतं. पायऱ्यांच्या वरच्या तुकड्यात दुचाकी जाते, हे त्या मॅपरचं म्हणणंही खरं होतं. तेही नोंदलं गेलं.

भाषेबद्दल त्याला शून्य तासांचा ब्लॉक मिळाला. यात खातं बंद होत नाही, पण लॉगिन करून ताकीद वाचल्याशिवाय पुढचा बदल करता येत नाही, आणि ब्लॉक सगळ्यांना दिसतो. मला एवढंच हवं होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या इमारती त्याने फार नेटक्या आखल्यात. असा माणूस निघून गेला असता तर नाशिकच्या नकाशाचं नुकसान झालं असतं.

परवा त्याने शेजारच्या गल्लीबद्दल विचारलं, ‘इथेही पायऱ्या आहेत का?’ मी जाऊन फोटो टाकले. पायऱ्या नाहीत, त्याचा रस्ता बरोबर आहे.