शाळेत आत्ता पोरं किती आहेत?

युडायसचा, म्हणजे शाळेची माहिती सरकारला कळवण्याचा, फॉर्म भरताना शाळेच्या सुरक्षिततेचे काही प्रश्न येतात. आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे का, अग्निशमन यंत्रं आहेत का, शिक्षकांना प्रशिक्षण दिलंय का, नोडल शिक्षक नेमलाय का. सगळीकडं 'होय' करायचं आणि पुढं सरकायचं, ही बऱ्याच शाळांची रीत. आमच्याकडं मुख्याध्यापकांनी नोडल शिक्षक म्हणून माझं नाव घातलं. विज्ञान शिकवते, प्रयोगशाळा माझ्या ताब्यात, म्हणजे आगीचा विषयही माझाच, असा त्यांचा हिशोब.

कपाटातून आराखड्याची फाईल काढली. छान स्पायरल बाइंडिंग केलेलं. त्यात त्सुनामी आली तर काय करावं यावर अख्खं पान होतं. कोल्हापूरला त्सुनामी यायची तर तिला आधी करूळचा घाट चढावा लागेल! आमच्या पंचगंगा नदीचं नाव मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठंच नाही. कुठल्या तरी किनारपट्टीवरच्या जिल्ह्याचा आराखडा उतरवून वर आमच्या शाळेचं नाव टाकलेलं. फाईल मिटली आणि शिपाईमामांना म्हटलं, चला, शाळा बघून येऊ.

इतकी वर्षं याच इमारतीत शिकवते, पण त्या दिवशी दिसलं ते वेगळंच. मागच्या जिन्याखालचं चॅनेल गेट कायम कुलूपबंद. "बाई, भटकी कुत्री आत येत्यात म्हणून लावलंय," मामा म्हणाले, आणि किल्ली शोधायला त्यांना बराच वेळ लागला. जिन्याच्या वळणावर मोडक्या बाकांचा ढीग. वर्गाच्या दाराशेजारी लोखंडी कपाटं, एकही भिंतीला अडकवलेलं नाही. भूकंपात आडवं पडलं की दारच बंद. फायर सिलेंडर ऑफिसात, स्नेहसंमेलनाच्या ढालींच्या मागं. त्याच्या डायलवरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेलेला. संगणक कक्षातल्या सिलेंडरला तर डायलच नव्हता. नंतर कळलं की कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरला तो नसतोच, तो वजन करून तपासायचा असतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' घ्यायचा असतो. आम्ही तो घेतला, सिलेंडर भरून आणले, कपाटांना एल आकाराच्या पट्ट्या ठोकल्या. बाकांचा ढीग भंगारात काढायला मात्र संस्थेची मंजुरी, ठराव, कोटेशन असं सगळं लागलं. आग विझवण्यापेक्षा डेडस्टॉकमधला बाक निकालात काढणं अवघड, हे माझं ठाम मत झालंय.

मग अग्निशमन दलाचे एक अधिकारी आले. सिलेंडरची पिन कशी ओढायची, फवारा ज्वाळांच्या बुडाशी कसा मारायचा हे त्यांनी मैदानात दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "बाई, आत्ता शाळेत पोरं किती आहेत?"

मी पट सांगितला. "पट नव्हे," ते म्हणाले. "आत्ता, या मिनिटाला. मी गाडी घेऊन आलो आणि तुम्ही म्हणालात सगळी बाहेर आहेत, तर मी माझ्या माणसांना आत पाठवणार नाही. आणि एक राहिलंय म्हणालात, तर पाठवावंच लागणार."

खोलीत कुणालाच सांगता आलं नाही. सकाळची हजेरी वर्गशिक्षकांच्या कॅटलॉगात होती, पण त्यानंतर उशिरा आलेली, शिष्यवृत्तीच्या जादा तासाला दुसऱ्या खोलीत बसलेली, कबड्डीच्या सरावाला गेलेली, पोटात दुखतंय म्हणून आई घेऊन गेलेली, यांची नोंद एका जागी नव्हती. पोरांना बाहेर काढायचं कसं, याचाच विचार आम्ही करत होतो. शिट्टी मारली की पोरं बाहेर पळतातच, त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. शिकायचं होतं ते आम्हाला, मोजायला.

शिक्षकांच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा थोडी कुरकुर झाली. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, त्यात आणि हे. त्यांचंही खोटं नव्हतं. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. त्याच रंगमंचावर आमच्यातल्या किती जणांनी पोरांना नाचवलंय. शिवाय मी कुंभकोणमची माहिती काढून आणली होती. १६ जुलै २००४, तमिळनाडूतली शाळा, स्वयंपाकघरातली आग झावळ्यांनी शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यावरून दाखल झालेल्या याचिकेत २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षा आणि शिक्षकांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. आमच्या शालेय पोषण आहाराचा गॅस त्या वेळी जिन्याला लागून असलेल्या खोलीत होता. त्याच आठवड्यात सिलेंडर बाहेरच्या शेडमध्ये गेला, आणि यावेळी ठराव कुणी मागितला नाही.

पहिली कवायत सांगून-सवरून घेतली. घंटा झाली आणि निम्मी शाळा पाण्याच्या नळांकडं पळाली, कारण ती मधल्या सुट्टीचीच घंटा होती. दुसरी अडचण त्याहून मोठी. आगीत पहिल्यांदा मेन स्विच बंद करायचा, मग विजेची घंटा वाजणार कशी? माळ्यावरचा जुना लोखंडी टोला खाली काढला. आता तो सलग बडवला की बाहेर पडायचं, आणि एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. जिन्यात वरच्या आणि खालच्या मजल्याची पोरं एकमेकांवर येत होती, म्हणून खालच्या मजल्याने आधी उतरायचं, वरच्यांनी भिंतीला धरून थांबत यायचं, असं ठरलं. कुबड्या वापरणारा एक मुलगा आहे, त्याचा वर्गच तळमजल्यावर आणला.

मोजणीसाठी आम्ही जे केलं ते अगदी साधं आहे. प्रत्येक वर्गाच्या दारामागं खिळ्याला एक पाटी. पहिल्या तासाला त्यावर हजर मुलांचा आकडा. कुणी गेलं-आलं की मॉनिटर आकडा बदलतो. कबड्डीला गेलेल्यांची नावं त्या सरांच्या खिशात. गेटवरच्या वहीत गेटपास. टोला पडला की शिक्षक पाटी घेऊन शेवटी बाहेर पडतात, मैदानात रांगा मोजतात, आणि आकडा जुळला तर पाटी सरळ वर धरतात, नाही जुळला तर आडवी. स्वच्छतागृहं बघायची जबाबदारी मावशींची. दुसऱ्या कवायतीत सहावीची एक पाटी आडवी राहिली. दोन मुली कमी. त्या निघाल्या सातवीच्या रांगेत, मैत्रिणीजवळ उभ्या. पण त्या सापडेपर्यंत मैदानावर जी शांतता पसरली, तिनं कुरकुर करणाऱ्यांची तोंडं बंद केली.

भूकंपाची कवायत त्यामानाने लवकर आटोपली. एका पालकाने विचारलं, भूकंप तर रात्रीच होतो, शाळेला काय त्याचं? कोयनेचा १९६७ चा पहाटेचा, किल्लारीचा १९९३ चा पहाटेचा, म्हणून तसं वाटतं. पण भूजचा २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला झाला, पोरं झेंडावंदनाला बाहेर असताना. हादरे चालू असताना पळायचं नाही, बाकाखाली जायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा. दहावीचे थोराड गडी आमच्या बाकाखाली मावत नाहीत, त्यांनी आतल्या भिंतीशी बसून दप्तर डोक्यावर घ्यायचं. जुनी इमारत कौलारू आहे, म्हणून बाहेर आल्यावर वळचणीखाली उभं राहायचं नाही, थेट मैदानाच्या मध्यावर.

पुराचं प्रकरण मात्र निराळं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या तिसरीतल्या पोरांनासुद्धा पाठ असतं. २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेलेली त्यांनी घरात ऐकलेली असते. पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात, मग शाळांना सुट्टी जाहीर होते. खरी फजिती होते ती सुट्टी पोरं शाळेत पोचल्यावर जाहीर झाली तर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज फिरतो, बावडा-शिये रस्त्यावर पाणी येतं, केर्लीजवळ पन्हाळ्याकडची वाहतूक थांबते, आणि आंबेवाडी-चिखलीकडची पोरं इकडं अडकतात.

म्हणून आम्ही नदीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना एकच प्रश्न लिहून पाठवला : पुलाच्या अलीकडं तुमचं कोण आहे? आत्या, आजोळ, वडिलांचे मित्र, कुणीही. नाव, नंबर, पत्ता. शिवाय सगळ्याच मुलांसाठी, कुणाच्या ताब्यात द्यायचं अशी तीन नावं. वडिलांचा नंबर पहिला नको असं मुद्दाम सांगितलं, कारण कित्येकांचे वडील गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत, आणि कामाच्या वेळात मोबाइल लॉकरमध्ये. आजीचा नंबर सर्वांत भरवशाचा, असा माझा अनुभव. चिठ्ठ्या गोळा करायला लागलेला वेळ सगळ्या कवायतींपेक्षा जास्त. काहींच्या अलीकडं कुणीच नाही. त्यांच्यासाठी शाळेजवळच्या पालकांनी आपणहून नावं दिली.

सोडण्याचीही एकदा रंगीत तालीम घेतली. एका मुलीचा मामा गाडीवरून आला, चिठ्ठीत नाव नाही. "अवो बाई, सख्खा मामा हाय मी, पोरगीला इचारा की!" पोरगी मान हलवत होती. तरी थांबवलं. आईला फोन लागेपर्यंत तो फाटकापाशी येरझाऱ्या घालत होता, चांगलाच तापला होता. आईने फोनवर हो म्हटलं, सही घेतली, सोडलं. दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर नवी चिठ्ठी आली, त्यात पहिलं नाव मामाचं.

पुरासाठी अजून एक काम उरकलं. आगीत सगळं खाली आणायचं, पुरात वर न्यायचं. तळमजल्यावरच्या कपाटातली जनरल रजिस्टरं आता वरच्या मजल्यावर आहेत. जन्मतारखेचा आणि जातीचा पुरावा म्हणून लोक आजही पणजोबांच्या नावाच्या नोंदी मागायला येतात, ती भिजली तर दुसरीकडून मिळणार नाहीत.

पुढची कवायत न सांगता, मधल्या सुट्टीत घ्यायची आहे. त्या वेळी पाटीचा उपयोग नाही, कारण कुणीच आपल्या वर्गात नसतं. मैदानात पोरांनी आपापल्या तुकडीच्या खुणेपाशी जमायचं आणि मग कॅटलॉगवरून मोजायचं, असा बेत आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय, एकाच अटीवर : टोला पडण्याआधी खिचडी वाटून झालेली पाहिजे.